हात वर, छाती बाजूला

तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. चेंडू कुठं गेला ते मी बघत नसतो, हात कुठं गेले ते बघतो. तुझे हात लई कामाला लागलेत, बाबा. काठी चेंडूपाशी टेकवलीस आणि पहिल्याच झटक्यात दोन्ही हात पोटाला वळसा घालून पाठीमागं पळाले. छाती अर्ध्या वाटेत थांबली, हात मात्र थांबायला तयार नाहीत. खाली येताना मग त्यांना वाट सापडेना, म्हणून उजवा खांदा पुढं रेटलास आणि चेंडू गेला उजवीकडच्या झाडीत. याला तुझा कोच स्लाइस म्हणत असेल. आम्ही कॅडी लोकही स्लाइसच म्हणायचो, फक्त आम्हाला तो काठी वर जातानाच दिसायचा.

धर्माबादेत बसून मी गोल्फ शिकवायलोय म्हणल्यावर वहिनी हसतील. हसू दे. गावात मिरचीचा भाव सांगणारे पुष्कळ आहेत, बॅकस्विंग सांगणारा मी एकटाच. येरवड्याच्या मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा वाहत होतो, तेव्हा शिकलेलं हे आहे. खेळणाऱ्याला स्वतःची छाती दिसत नाही. कॅडी समोर उभा असतो, त्याला तीच दिसते.

तर मुख्य गोष्ट ऐक. बॅकस्विंगमध्ये हात वर जातात आणि छाती बाजूला वळते. ही दोन कामं आहेत. ती एकाच वेळी होतात म्हणून बघणाऱ्याला एकच वाटतं. चांगल्या खेळाडूचे हात चेंडूपासून निघून उजव्या खांद्याच्या मागं गेलेले दिसतात आणि आपण समजतो की हातच गोल फिरून गेले. पण हात मागं गेले ते छाती वळली म्हणून. छातीच्या हिशेबानं मोज. हात सुरुवातीला तिच्यासमोर होते, शेवटीही समोरच आहेत. पोटाखालून खांद्याच्या उंचीला आले आणि थोडे उजवीकडं सरकले, एवढंच. खांदे वळतात साधारण ९० अंश, कंबर त्याच्या निम्मी. बाजूला जाण्याचं जवळजवळ सगळं काम त्या वळण्यातच होऊन जातं. आता त्यावर हातांनीही आडवी धाव घेतली तर ते छातीच्या मागं अडकणारच.

आपल्या अडतीवर देठ खुडलेल्या मिरचीचं भरलेलं घमेलं शेजारच्या बाईकडं देताना बाया कशा देतात ते आठव. नुसते हात कुणी बाजूला फेकत नाही, शीग सांडेल. घमेलं पोटासमोर तसंच राहतं आणि बाई कमरेपासून वरची सगळी वळते. तेच करायचंय. घरात एखादं घमेलं असेल तर त्यात चार-पाच किलो धान्य घाल, दोन्ही हातांनी धर, गोल्फला उभा राहतोस तसा खुब्यातून वाक आणि उजवीकडं वळ. हातांनी ओढायला गेलास तर वजन लगेच दंडात जाणवेल. छातीनं वळलास तर जाणवेल पाठीत आणि उजव्या मांडीत. ती जाणीव लक्षात ठेव. जिममध्ये जड चेंडू घेऊन हेच करून घेतात आणि वर पैसे घेतात.

घमेल्यानं वळणं कळतं, हातांचं वर जाणं कळत नाही. त्यासाठी दुसरी युक्ती आहे. ही नीट वाच आणि वाचता वाचता करून बघ. सात नंबरचं आयर्न घे. चेंडूबिंडू काही नको. ताठ उभा राहा, काठी पोटासमोर आडवी न धरता सरळ पुढं धर. आता फक्त मनगटं अंगठ्यांच्या बाजूनं वर मोड, काठीचं टोक आभाळाकडं जाईल. मग उजवं कोपर दुमड. दुमडलंस की हात आपोआप वर येतात, छातीच्या उजव्या भागासमोर, खांद्याच्या जवळपास उंचीला, आणि काठी उजव्या खांद्याच्या टोकावर कलते. डावा हात छातीवरून आडवा गेलेला असेल. इथं थांब. हातांचं काम संपलं. आता हात जसेच्या तसे ठेवून खुब्यातून पुढं वाक आणि छाती उजवीकडं वळव, डावा खांदा हनुवटीखाली येईपर्यंत. मान चेंडूच्या जागेकडंच असू दे. आरशात बघ. टीव्हीवरच्या खेळाडूचा बॅकस्विंगचा माथा तुला तुझ्या अंगावर दिसेल, आणि हात कधीही पोटाला वळसा घालून गेले नव्हते हे तुझं तुलाच पटेल. तिथून छाती परत सरळ करून बघ, हात छातीसमोरच निघतात.

सकाळी चहा होईपर्यंत हे करत जा. गॅलरी पुरते. वरचा पंखा मात्र आधी बघून घे.

आता हात फिरण्याचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग आपल्याभोवती वळण्याचं. याच्यावर लोक फार भांडतात. एक म्हणतो फिरवा, दुसरा म्हणतो अजिबात फिरवू नका, आणि शिकणारा मधल्या मध्ये पिचतो. थोडं फिरणं असतंच. पण डोळ्याला जेवढं दिसतं तेवढं ते नसतं, कारण त्यातलाही मोठा वाटा छातीच्या वळण्याचा आहे. माझी तपासणी घड्याळावर असायची. डाव्या मनगटावर घड्याळ बांध. चेंडूपाशी उभा असताना तबकडी साधारण जिकडं मारायचंय त्या बाजूला बघते. काठी मागं नेत जमिनीला समांतर झाली, कमरेएवढी आली, की थांब आणि तबकडीकडं बघ. ती तुझ्यासमोर, म्हणजे सुरुवातीला तुझं पोट जिकडं होतं तिकडं बघत असली पाहिजे. आभाळाकडं बघत असेल तर हात जास्त फिरलेत, काठीचं तोंड उघडं पडलंय आणि काठी तुझ्या मागं गेलीय. जमिनीकडं वाकलेली असेल तर कमी फिरलेत, तोंड बंद झालंय. तुझ्या व्हिडिओत ती पार आभाळाकडं आहे.

तिथंच काठीच्या पात्याकडंही एक नजर टाक. पात्याची पुढची कड तुझ्या वाकलेल्या पाठीच्या कण्याशी समांतर, म्हणजे सरळ उभी न राहता जराशी पुढं कललेली दिसली की बास. पुष्कळ लोक पात्याचं नाक बरोबर आभाळाकडं असावं म्हणून हटून बसतात. थोडंसं तसं झालं तर काही बिघडत नाही, पण त्यासाठी मनगट पिळू नकोस. आणि काठीचा दांडा तुझ्या पायाच्या बोटांच्या रेषेवर आहे का, की आत पायांमागं पळालाय, हे बघायला जमिनीवर दुसरी काठी चवड्यांच्या पुढं आडवी ठेव. वरची काठी तिच्या रांगेत आली पाहिजे.

पहिल्या दीड-दोन फुटात सगळं ठरतं म्हणून मी तिथं अडून बसलोय. त्या दीड-दोन फुटात मनगटाला काही काम नाही. खांदे, हात आणि काठी एका गठ्ठ्यानं निघतात, काठीचं डोकं हातांच्या बाहेरच्या अंगाला राहतं, आत येत नाही. हात सुटे होऊन पुढं पळाले की पुढचं सगळं दुरुस्तीत जातं. एक दुरुस्ती वर, दुसरी खाली येताना, आणि चेंडू लागला तर नशीब.

उजव्या कोपराचं आता. माथ्यावर ते जमिनीकडं बघत असावं, साधारण काटकोनात दुमडलेलं. ते पाठीमागं वर उडालं की काठी आडवी पडून डोक्यावरून पलीकडं जाते. पण याचा बाऊ करू नकोस. जॅक निकलॉसचं उजवं कोपर उडायचं. त्यानं १८ मेजर जिंकल्या, शेवटची मास्टर्स १९८६ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी. जिम फ्युरिकची काठी वर एका वाटेनं जाते आणि खाली भलत्याच वाटेनं येते, बघणाऱ्याला वाटतं हा माणूस साप मारायलाय. त्यानं २०१६ साली पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटके मारले. म्हणून कुणाची नक्कल करायला जाऊ नकोस, ना चांगल्याची ना वाकड्याची. त्या लोकांचं अंग लहानपणापासून त्या वाटेवर मुरलेलं असतं. तू आत्ता चाळिशीत शिकायलास, दिवसभर खुर्चीत बसून.

डावा हात सरळ ठेवा, हे जे सगळीकडं ऐकतोस, त्यानं जेवढी माणसं आखडली तेवढी दुसऱ्या कशानं नसतील. सरळ म्हणजे काठीसारखा ताठ नव्हे. ताठ केलास की खांदा कानाला लागतो, छाती वळायची थांबते, आणि मग हात एकटेच मागं पळतात. तुझा रोग तोच. कोपरात सूतभर ढिलाई असू दे. अमेरिकेत कॅल्विन पीट म्हणून खेळाडू होता. लहानपणी डावं कोपर मोडलेलं, हात पुरता सरळ व्हायचाच नाही. तो माणूस १९८१ पासून १९९० पर्यंत, ओळीनं दहा वर्षं, ड्राइव्ह फेअरवेवर ठेवण्यात पीजीए टूरवर पहिला राहिला. त्याचा हात वाकडाच होता, पण दर वेळी तेवढाच वाकडा.

डाव्या काखेत टॉवेल धरून मारायचा सराव तुला कुणीतरी सांगेल. छोट्या फटक्यांना चांगला आहे, कमरेपासून कमरेपर्यंत. पूर्ण बॅकस्विंगला टॉवेल धरून ठेवायला गेलास तर हात वरच जाणार नाहीत, पोटाभोवतीच फिरतील. म्हणजे ज्यातून बाहेर यायचंय त्यातच आणखी रुतशील.

बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ तुझ्याकडं आहे म्हणालास. १९५७ सालचं पुस्तक, अजून लोक बॅगेत ठेवतात. आमच्या वेळी एका साहेबांकडं होतं. इंग्रजी आम्हाला कुठलं येतंय, चित्रं बघायचो. अँथनी राविएलीची चित्रं आहेत, दोन्ही हात दोरीनं एकत्र बांधलेले, चेंडूपासून खांद्यापर्यंत काचेचं तावदान टेकवलेलं. चित्रं बघ, जरूर बघ, हात छातीशी कसे बांधून असतात ते त्यात पक्कं दिसतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. होगनची पुष्कळ वर्षं हुकशी भांडण्यात गेली, चेंडू डावीकडं वळू नये म्हणून. १९५५ साली ‘लाइफ’ मासिकात त्यानं आपलं गुपित सांगितलं, ते हेच होतं, मागं जाताना हात फिरवायचा आणि माथ्यावर डावं मनगट मागं वाकवायचं, म्हणजे तोंड उघडं राहील. तुझा चेंडू उजवीकडं जातो. तुझं तोंड आधीच उघडं आहे. होगनचं गुपित तू वापरलंस तर चेंडू थेट गोवळकोंड्याच्या बुरुजावर जाऊन बसेल. तिथल्याच नव्या किल्ल्यातल्या मैदानावर खेळतोस म्हणून सांगतो.

चेंडू कसा गेला त्यावरून हात काय करून आले ते ओळखता येतं. चेंडू निघतो तो बहुतेक काठीच्या तोंडाच्या दिशेनं, आणि हवेत वळतो तो तोंड आणि काठीची वाट यांच्यातल्या फरकानं. डावीकडं निघून उजवीकडं वळला, तर हात मागं अडकले होते आणि तू खांद्यानं वरून ओढलंस. सरळ उजवीकडंच निघून तिकडंच राहिला, तर हात मागं अडकले पण खांदा ओढला नाहीस, हात वेळेवर पोचले नाहीत. उजवीकडं निघून डावीकडं जोरात आला, तर अडकलेले हात शेवटच्या क्षणी मनगटानं सोडवलेस. तिन्ही वेळा मूळ एकच आहे, बॅकस्विंगमधली ती आडवी धाव. म्हणून प्रत्येक फटक्याला वेगळा इलाज शोधत बसू नकोस.

माथ्यावर किती जायचं? छाती थांबली की हात थांबले. काठी जमिनीला समांतर झालीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तुझी छाती आज ७० अंशच वळत असेल तर ७० अंशांचाच बॅकस्विंग. त्याच्यापुढं हातांनी ओढून आणलेली लांबी चेंडूला मिळत नाही, पाठीला मिळते. कमरेचा मणका फार थोडा फिरतो, वळण येतं पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यातून. तुझे खुबे खुर्चीनं आखडलेत. म्हणून डावी टाच जमिनीवरून उचलली जात असेल तर उचलू दे. आजकालचे कोच तिला खिळे ठोकायला सांगतात. बॉबी जोन्सची उचलली जायची, निकलॉसचीही जायची. उजवा गुडघा मात्र बाहेर पळू देऊ नकोस. तो पळाला की वळण्याऐवजी नुसता झुलतोस, आणि छाती न वळता बाजूला सरकते.

व्हिडिओ काढताना मोबाइल डोक्याच्या उंचीवर कुणाच्या हातात देऊ नकोस. हातांच्या उंचीवर कशाला तरी टेकवून ठेव, एकदा समोरून आणि एकदा मागून, मागून म्हणजे तुझ्या हातांच्या रेषेत, जिकडं मारायचंय तिकडं बघत. कॅमेरा दोन हात इकडंतिकडं झाला तर बरोबर काठीही आत गेलेली दिसते, आणि माणूस नसलेला रोग दुरुस्त करत बसतो.

मराठी माणसाचा हा खेळ नाही, असं तुझे सासरे म्हणाले म्हणे. त्यांना सांग, टोकियोच्या ऑलिंपिकला भारताकडून गोल्फ खेळायला उदयन माने गेला होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि याचा नंबर लागला. आणि श्रीमंताचाच खेळ म्हणत असतील तर अली शेरचं नाव सांग. दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली परत जिंकली. आम्ही कॅडी लोक तेव्हा आठवडाभर दुसरं काही बोललो नाही.

दिवाळीला देवगिरी एक्स्प्रेसनं येशील तेव्हा बॅग सगळी आणू नकोस, सात नंबर तेवढा आण. सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं असतं, पण त्या काळ्या मातीत चेंडू ठेवून मारू नकोस. वरून भुसभुशीत दिसते, खाली ढेकूळ असतं, मनगटाला असा हिसका बसतो की महिनाभर पेला धरवत नाही. जुनी जाड सतरंजी अंथरू. चेंडूही खरा नको, चिंध्यांचा करून देतो. खरा असला की तुझी नजर चेंडूमागं जाते आणि हात पुन्हा आपल्या वाटेला लागतात. गोदावरीच्या वाळूत बंकरचा सराव करू म्हणत होतास, तेवढं राहू दे. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात, त्यानंतर लागतात आणि पाणी तटतं, वाळू कुठली.

तोवर अर्धाच बॅकस्विंग कर. डावा हात जमिनीला समांतर झाला की थांब, तिथूनच मार. त्यात तबकडी समोर बघायला लागली, काठी रांगेत राहिली, आणि चेंडू दहातले सहा-सात तरी सरळ निघाले, की मग पुढं जाऊ. पाऊण, मग पूर्ण. पाच नंबर त्यानंतर. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, कारण त्याचा दांडा लांब, चेंडूपासून तू दूर उभा, त्यामुळं काठी आपसूकच जरा आडवी फिरते आणि हातांना पळायला आयतं निमित्त मिळतं. चिपिंग आणि पटिंगला मात्र यातलं काहीच लावू नकोस. तिथं हात वरही जात नाहीत आणि फिरतही नाहीत, खांदे नुसते वरखाली डुलतात. तिथं घड्याळ काढून खिशात ठेव.